कुणालाही काढता येईल असा गरुड

१९६२ साली कॅलिफोर्नियातल्या शेतमजुरांच्या नव्या संघटनेला झेंडा हवा होता. लाल कापड, मधोमध पांढरं वर्तुळ आणि त्यात काळा गरुड, एवढं ठरलं. गरुड काढायचं काम संघटनेचे नेते सेसार चावेझ यांचे भाऊ रिचर्ड यांच्याकडे आलं. पक्ष्याचे पंख, पिसं, चोच हुबेहूब उतरवायला सरावलेला हात लागतो, आणि हा झेंडा तर मळ्यात राबणाऱ्या माणसांनी घरी कापड बेतून, शिवून, रंगवून करायचा होता. म्हणून रिचर्ड यांनी पंखांच्या कडा सरळ रेषांच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या केल्या. हाताशी पट्टी आणि पेन्सिल असली की कुणालाही तो काढता यावा, हा त्यामागचा हिशेब. हा गरुड पुढे मोर्चांत, संपांच्या फलकांवर, भिंतींवर, सदऱ्यांवर हजारो हातांनी काढला गेला. समूहाच्या कलेबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं या पायऱ्यापायऱ्यांच्या पंखांत आहे. अशा कलेतला सोपेपणा हा कारागिराचा कमीपणा नसतो, तो विचार करून घेतलेला निर्णय असतो. पाहणाऱ्याला ती उचलून पुढे नेता यावी, हा त्या कलेचा पहिला नियम असतो आणि तिचं मोल ठरवतानाही हाच नियम लावायला हवा.

हा गरुड चिकानोंच्या चळवळीचा. चिकानो म्हणजे मेक्सिकन वंशाचे अमेरिकन. यांतले बरेचजण सीमा ओलांडून आले, पण काहींच्या बाबतीत सीमाच सरकली. १८४८ च्या तहानंतर मेक्सिकोचा जवळपास अर्धा मुलूख अमेरिकेत गेला आणि तिथली माणसं आपल्याच गावात परकी ठरली. त्यांच्या मुलानातवंडांनी १९६० नंतर हक्कांची चळवळ उभारली, तेव्हा कला तिच्या पाठोपाठ आली नाही, सोबतच निघाली. १९६५ साली डेलानो इथे द्राक्षमळ्यांतल्या मजुरांचा संप सुरू झाला आणि लुइस वाल्डेझ यांनी तिथेच ‘तेआत्रो कांपेसिनो’ हे शेतमजुरांचं नाटकमंडळ काढलं. नट म्हणजे संपावरचे मजूर, रंगमंच म्हणजे मालट्रकचा उघडा हौदा. नेपथ्य नाही, पाठ केलेली संहिता नाही. गळ्यात पाटी अडकवायची: कुणी मालक, कुणी संपकरी, कुणी संपफोड्या. काल शेतात वाकलेला माणूस आज मालकाची पाटी घालून मालकाची चाल चालून दाखवी, आणि समोरचे मजूर त्या मालकाला ओळखून हसत. ती पाटी उद्या दुसऱ्याच्या गळ्यात जाऊ शके. गरुडाच्या पंखांमागचा विचार इथे नाटकात उतरला आहे.

सान डिएगोतली गोष्ट याहून मोठी आहे. तिथल्या लोगन हाइट्स या मेक्सिकन वस्तीतून आधी महामार्ग गेला, मग कोरोनाडो बेटाकडे जाणारा पूल १९६९ साली खुला झाला. त्याच्या अजस्र खांबांनी वस्ती चिरली, घरं गेली. पुलाखालची जागा बागेसाठी देऊ असा शब्द लोकांना मिळाला होता. २२ एप्रिल १९७० रोजी त्या जागेवर बुलडोझर आले, ते महामार्ग पोलिसांच्या चौकीसाठी. बायामाणसं, विद्यार्थी, पोरंसोरं तिथे जाऊन बसली. बारा दिवस त्यांनी जागा सोडली नाही आणि हातांनी माती उकरून रोपं लावली. अखेर बाग झाली. १९७३ पासून साल्वादोर तोरेस, व्हिक्टर ओचोआ आणि इतर चित्रकारांनी, वस्तीतल्या लोकांना हाती ब्रश देऊन, पुलाचे खांब रंगवायला घेतले. ज्या काँक्रीटने वस्ती मोडली त्याच काँक्रीटवर अॅझ्टेक देवता, मेक्सिकन क्रांतिकारक झपाटा, शेतमजूर आणि हा गरुड उभा राहिला. २०१६ साली या ‘चिकानो पार्क’ला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. पण तो दर्जा पदरात पडण्याआधी चाळीसहून अधिक वर्षं वस्तीने ती चित्रं राखली होती आणि दर एप्रिलला तिथे उत्सव भरवला होता. लॉस एंजेलिसमध्ये ज्युडी बाका यांनी १९७६ मध्ये पुराच्या पाण्याच्या काँक्रीट कालव्यावर कॅलिफोर्नियाच्या उपेक्षित इतिहासाची सुमारे ८४० मीटर लांबीची भिंत रंगवायला घेतली. ती चारशेहून अधिक मुलामुलींनी रंगवली, आणि त्यांतले कित्येक पोलिसांच्या नोंदवहीत नाव गेलेले होते.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात हाच नियम याच्या कितीतरी आधी पाळला गेला, पण तिथे भिंत नव्हती, ढोलकी होती. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. त्या चळवळीने पुढे तमाशाचा साचा उचलून त्याचा जलसा केला. १९३० च्या आसपास, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या धामधुमीत, नाशिक जिल्ह्यात आंबेडकरी जलसे उभे राहिले आणि भीमराव कर्डक व त्यांच्या साथीदारांनी ते गावोगाव नेले. साचा लोकांच्या अंगवळणी पडलेला होता: गण, गवळण, बतावणी, वग. तो तसाच ठेवून आतला ऐवज बदलला. गवळणींची थट्टा गेली आणि तिच्या जागी पाणवठा, शाळा, सावकाराची वही, मेलेलं ढोर ओढायला नकार आला. ज्या महारवाड्यात वर्तमानपत्र पोचत नव्हतं आणि पोचलं तरी वाचणारा नव्हता, तिथे महाडच्या तळ्यावर काय घडलं ते रात्री कंदिलाच्या उजेडात बतावणीच्या सवाल-जवाबांतून समजे. आपल्या दहा सभांचं काम एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणत, अशी आठवण जलसेकरी सांगत आले. जलशाला लागणारी सामग्री प्रत्येक वस्तीत होती: ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज. एका गावात पाहिलेला जलसा दुसऱ्या गावच्या पोरांना महिन्याभरात बसवता येत असे. भीमराव कर्डकांनी या सगळ्याचं स्वरूप पुढे पुस्तकात लिहून ठेवलं नसतं, तर आज आपल्या हाती फार थोडं उरलं असतं.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. ते गिरणगावात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलं. त्याचा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे, म्हणून इथे त्यावर थांबत नाही. वामनदादा कर्डक यांच्यापाशी मात्र थांबायला हवं. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेल्या, मोठेपणी मुंबईत अक्षरं ओळखायला शिकलेल्या या माणसाने हजारो गाणी रचली. चाली बहुतेक लोकांच्या कानात आधीच बसलेल्या. ओळी आखूड, यमक ठसठशीत, ध्रुवपद दोनदा ऐकलं की तिसऱ्यांदा तोंडी येणारं. शेवटच्या कडव्यात ‘वामन’ ही नाममुद्रा, जशी अभंगात तुकोबांची. या गाण्यांना उसन्या चालीची म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण नवी चाल शिकवायला शिक्षक लागतो आणि ओळखीच्या चालीला लागत नाही. वामनदादांनी ती चाल नव्या चालीचा शोध थकला म्हणून घेतली नव्हती. गाणं गावातून निघून जाणाऱ्या शाहिराच्या पाठीमागे गावातच राहावं, म्हणून ती घेतली होती.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र कुठल्याच शाहिराकडे नाही, तो जात्यावर आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भीमरायावरच्या ओव्या मोठ्या संख्येने आहेत. पहाटे दळताना बाईने आपल्या भावाच्या, लेकाच्या, विठ्ठलाच्या ओवीच्या सांगाड्यात बाबासाहेब बसवले. तिला कुणी कलापथकात घेतलं नव्हतं. जलशात बायकांची कामं बहुधा पुरुषच करत, आणि ही त्या परंपरेतली उणीव मान्यच करायला हवी. चिकानो चळवळीतही भिंती बराच काळ पुरुषांच्या हाती राहिल्या. म्हणूनच सान फ्रान्सिस्कोत काही जणी ‘मुखेरेस मुरालिस्तास’ या नावाने एकत्र आल्या आणि १९७४ मध्ये परांचीवर स्वतः चढून त्यांनी भिंती रंगवल्या. आपल्या बायकांना परांची मिळाली नाही, तरी त्यांच्या घरात जातं होतं आणि ओवीचा साचा त्यांच्या मालकीचा होता. चळवळीचं गाणं उचलण्याजोगं होतं म्हणूनच ते न बोलावलेल्या माणसांनाही उचलता आलं.

दोन्ही चळवळींचा दुवा माझ्या कल्पनेतला नाही. २९ मे १९७२ रोजी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि तिचं नाव कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं होतं. त्याच राज्यात, त्याच काळ्या पँथरांच्या शेजारी, चिकानो तरुण ब्राउन बेरेट्स या नावाने कवायत करत होते. वस्तीत राहणाऱ्यांनी वस्तीची भाषा छापली पाहिजे, ही भूक दोन्हीकडे एकच होती. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह त्याच १९७२ चा.

आता पहिला आक्षेप घेतो, कारण तो सगळ्यात जुना आहे: हा प्रचार झाला, कला नव्हे. आक्षेप घेणारे कलेचं एक चित्र मनात धरूनच बोलत असतात. लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात चिकानोंची चित्रं का नाहीत, असं विचारायला गेलेल्या कलावंताला, चिकानो ललित कला करत नाहीत, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. त्यावर ‘आस्को’ या गटातल्या तिघांनी १९७२ मध्ये संग्रहालयाच्या दारावर आपली नावं फवाऱ्याने लिहिली आणि संपूर्ण संग्रहालयच आपली कलाकृती म्हणून जाहीर केलं. ती नावं लवकरच पुसली गेली, एक छायाचित्र उरलं. प्रचाराचा आरोप करणाऱ्याला मी एकच विचारीन. देवळातल्या भिंतीवर राजाने काढवून घेतलेलं युद्धाचं चित्र, दरबारात गायलेली स्तुतिपर बंदिश, हे प्रचार नव्हतं का? तिथे आपण हेतू बाजूला ठेवून रेषा पाहतो, सूर ऐकतो. मग हाच न्याय वगाच्या बतावणीला का नको? चांगला सवाल-जवाब बसवायला वेळेचं आणि नेमकेपणाचं भान लागतं, आणि ते ज्या जलशात नव्हतं तो जलसा लोक उठून सोडून जात. वाईट जलसे होते, पुष्कळ होते. वाईट ठुमऱ्याही पुष्कळ आहेत.

दुसरा आक्षेप मी राहतो त्या ग्वाल्हेरच्या मुरारचा आहे. इथला मराठी माणूस म्हणेल: समूहाच्या कलेसाठी कॅलिफोर्निया कशाला, नाशिक तरी कशाला? ग्वाल्हेर घराणं इथलंच आहे, आमचे गणेशोत्सव, भजनी मंडळं, ढोलीबुवांच्या मठातलं कीर्तन इथलंच आहे, आणि राज्य गेल्यावर आम्हीही भाषेने अल्पसंख्यच झालो. मुद्दा तोलामोलाचा आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लष्कर शहर उभं राहिलं. मुरारमध्ये इंग्रजांची छावणी होती, ती १८८६ साली झाशीच्या बदल्यात शिंद्यांकडे आली. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात गेलं आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात. सीमा सरकली, माणूस जागीच राहिला, इथवर चिकानोंशी साम्य खरं आहे. पण चिकानो हरलेल्या बाजूचे होते, तर ग्वाल्हेरचा मराठी समाज राज्यकर्त्यांच्या सोबत आलेला होता. त्याच्या कलेला दरबाराची सावली होती. आपलं आहे ते जपणं हा तिचा धर्म राहिला, जागा मागणं हा नव्हे. ज्याला पाणवठ्यावर पाय ठेवू दिला नाही त्याची कला जपणूक करत बसू शकत नव्हती. महूच्या छावणीत सुभेदाराच्या घरी जन्मलेल्या बाबासाहेबांच्या वाट्याला आलेला उत्तरेतला मराठीपणा आणि वाड्यावरचा मराठीपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपण इथे राहणाऱ्यांनी तरी विसरू नये.

तरीही ग्वाल्हेरच्या इतिहासात एक क्षण माझ्या मुद्द्याला दुजोरा देतो. ग्वाल्हेर घराण्याच्या हद्दू-हस्सू खाँ यांची विद्या दीर्घकाळ गुरूच्या घरात, वर्षानुवर्षांच्या सेवेतून मिळत होती. १९१४ साली कृष्णराव शंकर पंडितांनी ग्वाल्हेरात आपल्या वडिलांच्या नावाने संगीत विद्यालय काढलं. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि भातखंड्यांच्या योजनेने माधव संगीत महाविद्यालय उभं राहिलं आणि राजाभैया पूछवाल्यांसारख्यांनी ते पुढे वाढवलं. भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत बांधल्या. अनेक जाणत्यांना ते रुचलं नाही, कारण कागदावर मींड मावत नाही, आणि ते खरंच आहे. पण ज्याचा बाप गवई नव्हता त्याला बंदिशीपर्यंत जायला त्या कागदाने वाट दिली. सूक्ष्मता थोडी गेली, माणसं पुष्कळ आली. रिचर्ड चावेझ यांनी पिसांच्या बाबतीत हाच सौदा केला होता. फरक इतकाच की इथे दार आतून उघडलं गेलं, आणि ते उघडणाऱ्याच्या मर्जीने उघडलं.

तिसरा आक्षेप मला खरोखर अडवतो. सोप्या साच्याला बांधलेल्या कलेत एकट्या माणसाचा तिरपा, न पटणारा, अवघड आवाज गुदमरतो. गरुड सगळ्यांना काढता येतो, पण मग सगळे गरुडच काढतात. चिकानो भिंतींवर अॅझ्टेक योद्धे इतक्यांदा आले की चळवळीतल्याच लोकांना त्याचा कंटाळा आला. आस्कोचं भांडण संग्रहालयाशी होतं तसंच या साच्याशीही होतं. आपल्याकडे ‘गोलपिठा’ कुणाला उचलून गाता येत नाही. नागपूरचे सवी सावरकर यांच्या चित्रांतला गळ्यात मडकं, कमरेला झाडू बांधलेला माणूस १४ एप्रिलच्या मिरवणुकीत फिरवण्याजोगा नाही, पाहणाऱ्याला तो घायाळ करतो. हे माझ्या नियमात बसत नाही आणि तरी ते मोठं काम आहे. मी एवढंच म्हणेन की ढसाळ आणि सावरकर ज्या जमिनीवर उभे राहिले ती जलशांनी आणि ओव्यांनी नांगरलेली होती. अवघड कवितेला वाचक लागतो, आणि पाटीवर पहिलं अक्षर काढायची हिंमत त्या वाचकाच्या बापाला कुणीतरी ढोलकीवर दिलेली असते. पण या उत्तराने आक्षेप पुरता मिटतो असं मी मानत नाही. प्रत्येक चळवळीत असा काळ येतो की साचा मोडणाऱ्याला गद्दार ठरवलं जातं, आणि तिथे साचाच चुकतो.

या नियमाची धार आजच्या काळालाही लागते. १४ एप्रिलला चौकाचौकात फ्लेक्स लागतात, त्यांवर बाबासाहेब एका कोपऱ्यात आणि इच्छुक उमेदवारांचे चेहरे ओळीने. भिंतीसारख्या रचलेल्या ध्वनिवर्धकांवर भीमगीत वाजतं, पण गाणारं तोंड त्या गर्दीत दिसत नाही. फ्लेक्स कुणालाही विकत घेता येतो, पण करता येत नाही, तो दुकानात होतो. वस्तीतल्या पेंटरने निळा कोट, लाल टाय आणि हातातलं पुस्तक रंगवताना बाबासाहेबांचा चेहरा थोडा आपल्या काकासारखा केला असेल, पण ते चित्र त्याच्या हातून उतरलेलं होतं आणि शेजारचा पोरगा ते पाहत उभा होता. दुसऱ्या बाजूला, हातात एकतारी घेऊन आपल्या दारात बसून गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलवरून घराघरांत पोचल्या आणि त्यांचं गाणं ऐकून पोरी एकतारीच्या शोधात निघाल्या. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. ऐकणाऱ्याच्या हाती काही देतं की त्याचं काढून घेतं, एवढंच यंत्राबाबत पाहायचं.

आणि जागेचा प्रश्न अजून धगधगतो आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर उतरलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा माणसं गेली. शाहीर विलास घोगरे यांना ते सहन झालं नाही आणि चार दिवसांनी त्यांनी आपलं आयुष्य संपवलं. पुतळा म्हणजे दगड-सिमेंट, त्यावरून एवढं कशाला, असं म्हणणाऱ्याने सान डिएगोच्या पुलाखाली बारा दिवस बसलेल्या माणसांना तोच प्रश्न विचारून पाहावा. २०२५ साली इथेच, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा बसवावा की नाही यावरून वकिलांचे दोन तट पडले. घटना लिहिणाऱ्याची मूर्ती न्यायालयाच्या आवारात चालेल का, यावर भांडण व्हावं, याचा अर्थ चित्र आणि मूर्ती ही जागेवरच्या हक्काची कागदपत्रं आहेत हे दोन्ही तटांना पक्कं कळलेलं आहे.

चिकानो पार्कच्या खांबांवरचे रंग चाळीस वर्षांत उन्हाने, पुलावरच्या धुराने विटले. २०११ पासून ते पुन्हा रंगवले गेले, तेव्हा जिथे शक्य होतं तिथे मूळ चित्रकारांनाच बोलावण्यात आलं आणि त्यांच्या हाताखाली वस्तीतली नवी पोरं देण्यात आली. काँक्रीट कसं धुवायचं, कोणता थर आधी द्यायचा, कोणता रंग उन्हात टिकतो, हे सगळं लिहून काढलं गेलं. आपल्या जलशांच्या वह्या, वगांच्या संहिता, चालींची नोंद अजून कित्येक घरांत ट्रंकेच्या तळाशी पडून आहे, आणि ज्यांना त्या चाली म्हणून दाखवता येतील ती माणसं आता ऐंशीच्या पुढची आहेत. त्यांच्यासमोर ध्वनिमुद्रक ठेवणं हे काम आहेच. पण त्याहून निकडीचं काम म्हणजे त्यांच्यासमोर ढोलकी घेतलेला एखादा पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा आणि झांज घेतलेली पोरगी बसवणं. ज्या जिल्ह्यात जलसा उभा राहिला त्या नाशिकच्या शाळांतून ते या वर्षीही सुरू करता येईल.